भरतपूरच्या म्हशी आणि सलीम अलींची चूक

दरवर्षी 12 नोव्हेंबर आला की मोबाइलवर डॉ. सलीम अली यांचे फोटो फिरू लागतात. गळ्यात दुर्बीण, पांढरी दाढी, किरकोळ बांधा. खाली दोन-तीन ओळी असतात. मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला अनाथ मुलगा, छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी, ती ओळखून घ्यायला ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’त मारलेली चक्कर आणि तिथून सुरू झालेला पद्मविभूषणपर्यंतचा प्रवास. आपल्याकडच्या मुस्लिम वैज्ञानिकांच्या कुठल्याही यादीत अब्दुल कलाम यांच्या मागेपुढे हे नाव असतंच. त्याचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही, मलाही वाटतो.

पण सलीम अलींच्या आयुष्यातली एक गोष्ट या पोस्टमध्ये कधी येत नाही. ती भरतपूरच्या म्हशींची आहे. त्यात एक मोठा माणूस चुकला, त्याच्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती चूक शोधली आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवली. तरीही ज्यांनी त्या चुकीची किंमत मोजली, त्यांच्यापर्यंत ती कबुली कधी नीट पोहोचली नाही. निसर्गसंरक्षण, गुरं चारणारी माणसं आणि विज्ञान लोकांना सांगण्याची पद्धत या तिन्हींबद्दल ही एक घटना जितकं शिकवते, तितकं क्वचितच दुसरं काही शिकवत असेल.

राजाचं तळं

राजस्थानातलं केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान म्हणजे आपण ज्याला भरतपूरचं पक्षी अभयारण्य म्हणतो ते. क्षेत्रफळ जेमतेम 29 चौरस किलोमीटर. इथे साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत. चित्रबलाक, करकोचे, बगळे, सारस इथे असतात आणि हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियातून हजारोंनी बदकं येतात.

हे ठिकाण ‘अस्पर्श निसर्ग’ वगैरे नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. भरतपूरचा राजा सूरजमल याने अठराव्या शतकात अजान बंधारा बांधला. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचं पाणी अडवावं आणि ते सखल भागात सोडावं, अशी ही योजना होती. पावसाळ्यात तळी भरायची, उन्हाळ्यात आटायची, आटलेल्या जमिनीवर गवत यायचं आणि त्या गवतावर भोवतालच्या गावांची गुरं चरायची. म्हणजे माणसाचं पाणी, माणसाची गुरं आणि पाखरं अशा तिघांनी मिळून हा प्रदेश घडवला होता.

पुढे संस्थानाने तिथे बदकांच्या शिकारीसाठी बांध-कालवे वाढवले. 1902 साली व्हाइसरॉय कर्झनच्या उपस्थितीत शिकारीचा मोठा समारंभ झाला. कोणत्या दिवशी कोणत्या पाहुण्यांनी किती पक्षी मारले, याचे आकडे दगडावर कोरून ठेवलेत आणि ते आजही उद्यानात पाहायला मिळतात. त्यातला सर्वात मोठा आकडा 4,273 आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्याच्या पाहुण्यांनी एका दिवसात मारलेले पक्षी. तारीख होती 12 नोव्हेंबर 1938. योगायोग असा की त्याच दिवशी सलीम अली 42 वर्षांचे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर या जागेवर वेगळंच संकट आलं. तळी बुजवून ती जमीन शेतीला द्यावी, पाणी शेताकडे वळवावं अशी मागणी जोर धरू लागली. भूक मोठी होती, मागणी चूक म्हणता येत नव्हती. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत ही गोष्ट नेली आणि जागा वाचवली. 1956 मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं. शिकारीचा हक्क मात्र राजघराण्याकडे 1972 पर्यंत कायम राहिला. हा तपशील लक्षात ठेवा. अभयारण्य झाल्यावरही राजाची बंदूक सोळा वर्षं आत जात होती.

भिंत आणि बंदी

सलीम अलींचं भरतपूरवर जिवापाड प्रेम होतं. तिथे पक्ष्यांच्या पायात वाळे घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचं काम त्यांनी आणि सोसायटीने वर्षानुवर्षं केलं. त्यांच्या डोळ्यांसमोर तिथली गुरं वाढत होती. हजारोंच्या संख्येने म्हशी आणि गायी तळ्यात उतरत, डुंबत, गवत खात. पक्षी पाहायला आलेल्या माणसाला हे दृश्य खटकणारच. जगभरातल्या संरक्षणतज्ज्ञांचं त्या काळचं मतही हेच होतं की पाळीव गुरं म्हणजे जंगलाची शत्रू. गुरं गवत खातात, घरटी तुडवतात, पाणी गढूळ करतात. गुरं बाहेर काढली की निसर्ग आपोआप सावरेल, असा तो सरळ हिशेब होता. सलीम अलींनी तोच सल्ला दिला.

सरकारनेही त्या दिशेने पावलं उचलली. उद्यानाभोवती दगडी भिंत उभी राहिली. 1981 मध्ये या पाणथळीला आंतरराष्ट्रीय रामसर कराराखाली मान्यता मिळाली आणि 1982 मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. हा फक्त नावातला बदल नव्हता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात चराईवर नियम घालून परवानगी देता येते, राष्ट्रीय उद्यानात मात्र चराईला पूर्ण मनाई आहे. पाटी बदलली आणि त्याबरोबर भोवतालच्या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा चराईचा हक्क संपला.

चाऱ्याची पर्यायी सोय झाली नाही. वाटाघाटी झाल्या नाहीत. नोव्हेंबर 1982 मध्ये गावकरी गुरं घेऊन आत शिरायला निघाले, पोलिसांशी संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले.

क्षणभर त्या गावकऱ्याच्या जागी उभं राहून पाहू. त्याच्या आजोबांनी व्हाइसरॉयची शिकार पाहिली होती. एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारणाऱ्यांची नावं दगडात कोरली गेली. त्याच तळ्यात म्हैस चारायला नेणाऱ्या त्याच्या भावावर मात्र गोळी चालली, आणि तीही पक्ष्यांच्या रक्षणासाठी. त्याला हे कोणत्या भाषेत समजावून सांगणार होतो आपण?

म्हशी गेल्यावर काय झालं

या गोष्टीला इथे एक कलाटणी मिळाली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1980 साली भरतपूरच्या पाणथळीचा दीर्घ अभ्यास सुरू केला होता. सलीम अली त्याच्या पाठीशी होते आणि प्रत्यक्ष कामाचं नेतृत्व डॉ. व्ही. एस. विजयन करत होते. पाणी, वनस्पती, मासे, कीटक, पक्षी अशा सगळ्यांची नोंद वर्षानुवर्षं ठेवायची, असा बेत होता. अभ्यास बंदीच्या दोन वर्षं आधी सुरू झाल्यामुळे म्हशी असतानाचं तळं आणि म्हशी गेल्यानंतरचं तळं अशी दोन्ही चित्रं शास्त्रज्ञांच्या हाती आली. कुणी ठरवून असा प्रयोग केला नसता. तो आपोआप घडला.

म्हशींमुळे नुकसान होतं, हे सिद्ध होईल अशीच बहुतेकांची अपेक्षा होती. आकडे उलट बोलू लागले.

उथळ पाण्यात वाढणारं एक गवत आहे, शास्त्रीय नाव पास्पॅलम डिस्टिकम. ते जमिनीवर पसरतं, पाण्यातही पसरतं, आणि त्याच्या गुंतलेल्या काड्यांची पाण्यावर गादी तयार होते. म्हशींचं हे आवडतं खाद्य. म्हैस ते खायची, डुंबताना तुडवायची, त्यातून मोकळं पाणी शिल्लक राहायचं. शेणाने पाण्याला खत मिळायचं, त्यावर शेवाळ आणि कीटक पोसायचे, त्यांच्यावर मासे आणि पाखरं. म्हशी गेल्या आणि काही वर्षांतच हे गवत तळ्यांवर पसरलं. मोकळं पाणी आकसलं. पोहणाऱ्या आणि बुडी मारणाऱ्या बदकांना उतरायला जागा राहिली नाही. मेलेलं गवत तळाशी साचून कुजू लागलं, तळ उथळ होऊ लागला आणि माशांची राहण्याची जागा बिघडली. मासे कमी झाले की मासे खाणारे पक्षीही अडचणीत येतात.

हे गवत काढायचं कसं, हा प्रश्न आला. यंत्रांनी काढून पाहिलं, जाळून पाहिलं. जे काम शेकडो म्हशी फुकटात आणि रोज करत होत्या, ते पैसे खर्चून पुरं होईना. विजयन यांच्या गटाचा अंतिम अहवाल 1991 मध्ये आला. त्यात निष्कर्ष स्पष्ट होता: या पाणथळीचा तोल राखण्यात म्हशींचा मोठा वाटा होता आणि चराईबंदीने पक्ष्यांचा अधिवास बिघडला.

सलीम अली 1987 साली वारले होते. हा अंतिम अहवाल पाहायला ते नव्हते. विजयन पुढे कोइमतूरला सलीम अलींच्या नावाने उभारलेल्या पक्षीविज्ञान केंद्राचे संस्थापक संचालक झाले. म्हणजे ज्या माणसाने सलीम अलींचा सल्ला पुराव्यानिशी खोडून काढला, त्याच्याच हाती त्यांच्या नावाची संस्था सोपवली गेली. मला यात विज्ञानाचं खरं मोठेपण दिसतं. उस्तादाचा आदर ठेवायचा आणि त्याची चूकही मांडायची, हे दोन्ही एकाच माणसाला जमू शकतं. आपल्या समाजात, घरात, जमातीत, राजकारणात हे किती वेळा जमतं, याचा ज्याने त्याने विचार करावा.

फासेवाल्याचं ऐकलं, गुराख्याचं राहिलं

सलीम अली हे काही अडाण्यांना तुच्छ लेखणारे साहेब नव्हते. उलट विज्ञान सामान्य माणसाला सांगण्याचं काम त्यांच्याइतक्या ताकदीने त्या काळात फार थोड्यांनी केलं. 1941 साली आलेल्या त्यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मुळे पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पाहायला शिकल्या. आकाशवाणीवर त्यांनी कित्येक वर्षं भाषणं दिली. शेतात कीड खाणारा पक्षी शेतकऱ्याचा मित्र कसा, हे ते साध्या शब्दांत सांगत.

ते ऐकूनही घेत. बिहारमध्ये मिरशिकार नावाची मुस्लिम जमात आहे. पक्षी पकडणं हा त्यांचा परंपरागत धंदा. कोणत्या पाखरासाठी कसला फास, कोणत्या वेळी, वारा कुठून हवा, याचं त्यांच्याकडे पिढीजात ज्ञान. वाळे घालण्यासाठी पक्षी इजा न होता जिवंत पकडायचे असतात, त्यासाठी सोसायटीने या लोकांना कामावर घेतलं. त्यांतल्या अली हुसेन यांचं नाव पक्षीअभ्यासकांच्या जगात आदराने घेतलं जातं. त्यांच्या हातातल्या कलेला विज्ञानाने आपलं मानलं.

मग मला प्रश्न पडतो. फासेवाल्याचं ज्ञान ज्यांना दिसलं, त्यांना गुराख्याचं ज्ञान का दिसलं नाही? बहुधा उत्तर असं असावं की फासेवाला शास्त्रज्ञाच्या कामाला मदत करत होता. गुराखी मात्र शास्त्रज्ञाला हव्या असलेल्या जागेत स्वतःचं काम करत होता. पहिला सहायक झाला, दुसरा अडथळा. अडथळ्याला कुणी प्रश्न विचारत नाही, त्याला हटवतात.

माधव गाडगीळ यांनी नोंदवलेली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. गाडगीळ पुण्याचे, लहानपणापासून सलीम अलींना मानणारे, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात आकस शोधता येणार नाही. भरतपूर उद्यानाला लागून अघापूर नावाचं गाव आहे. लोकांकडचं जैवविविधतेचं ज्ञान नोंदवण्याच्या उपक्रमात तिथल्या गावकऱ्यांनी सांगितलं की सायबेरियन क्रौंच कमी होण्याला बंदीही कारणीभूत असावी. पूर्वी गावकरी आत जाऊन वाळा खणत. उन्हाळ्यात आपण ज्याचे पडदे लावतो, पाण्याच्या माठात टाकतो, तोच सुगंधी वाळा. मुळं खणताना माती भुसभुशीत व्हायची आणि क्रौंचांना जमिनीतले कंद चोचीने उकरणं सोपं जायचं. खणणं बंद झालं, माती घट्ट झाली, पाखरांना अन्न मिळेना.

1960 च्या दशकात भरतपूरला दोनशेच्या आसपास सायबेरियन क्रौंच येत. 2002 नंतर एकही आलेला नाही. त्यांचा हजारो किलोमीटरचा मार्ग अफगाणिस्तानावरून होता. तिथली शिकार, तिथली युद्धं, वाटेतल्या पाणथळींची दुर्दशा, ही कारणं मोठी आहेत. एकट्या वाळ्यावर सगळा भार टाकता येणार नाही. पण अघापूरच्या माणसाने जे सांगितलं, ते एक नीट मांडलेलं शास्त्रीय अनुमान आहे. त्यात कारण आहे, परिणाम आहे, आणि ते तपासून पाहता येतं. भिंत बांधण्याआधी त्याला विचारलं असतं तर तपासताही आलं असतं.

हिमाची गोष्ट

चराऊ कुरण राखायचं कसं, हा प्रश्न माणसाला नवा नाही. अरबस्तानाच्या रखरखीत मुलखात त्यावर ‘हिमा’ नावाची व्यवस्था होती. हिमा म्हणजे राखलेली जागा. इस्लामपूर्व काळात टोळ्यांचे बलदंड सरदार चांगली कुरणं आपल्या कळपांसाठी अडवून ठेवत. पैगंबरांनी ही खासगी अडवणूक मोडली. हिमा राखायची ती सर्वांच्या हितासाठी, कुणा एकाच्या मोठेपणासाठी नाही, असा दंडक घातला. मदिनेजवळचं नकी हे कुरण लष्कराच्या घोड्यांसाठी राखलं गेलं.

दुसरे खलिफा हजरत उमर यांनी एका हिमेवर हुनई नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या गुलामाला नेमलं. त्याला दिलेल्या सूचना बुखारीच्या हदीससंग्रहात आल्या आहेत. त्यांचा आशय असा: ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना दूर ठेव. त्यांची जनावरं मेली तर त्यांच्याकडे शेती आहे, खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची जनावरं मेली तर तो लेकरं घेऊन माझ्या दारात येईल आणि मला त्याला सोनं-चांदी द्यावं लागेल. त्यापेक्षा पाणी आणि गवत देणं सोपं.

ज्यांची जनावरं अडवायला सांगितली ते दोघे त्या काळातले अत्यंत आदरणीय आणि श्रीमंत सहाबी होते, हे वाचकांना सांगायला नको. कुरण राखलेलं होतंच, पण दार कुणासाठी उघडायचं हे आधी ठरलेलं होतं, आणि ते गरिबासाठी उघडत होतं. भरतपूरमध्ये नेमकं उलटं झालं. राजाला 1972 पर्यंत मुभा होती आणि चाऱ्यावाचून ज्याची म्हैस मरणार होती, त्याच्यासाठी दार कायमचं लागलं.

अरबस्तानातल्या हिमांचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. 1953 साली सौदी सरकारने हिमांवरचे स्थानिक निर्बंध उठवून कुरणं सर्वांना खुली केली. राखण्याचा अधिकार गेला, बाहेरचे कळप घुसले आणि अनेक कुरणं ओरबाडली गेली. इकडे सगळं बंद करून बिघडलं, तिकडे सगळं खुलं करून. दोन्ही ठिकाणी हरवली ती एकच गोष्ट, स्थानिक लोकांनी वेळ, संख्या आणि पाळी ठरवून केलेली राखण. लेबनॉनमध्ये पक्षीसंरक्षण करणाऱ्या मंडळींनी 2004 पासून गावांना सोबत घेऊन हिमा पुन्हा उभ्या करायला सुरुवात केली, ती याच अनुभवातून.

‘पडीक’ नावाची जमीन

भरतपूर ही एकटीदुकटी घटना असती तर इतकं लिहिलं नसतं. आपल्या देशात कुरणाकडे पाहण्याची नजरच मुळात सदोष आहे. इंग्रजांच्या महसूल खात्याला दोनच प्रकारची जमीन मोलाची वाटत होती, सारा देणारी शेती आणि लाकूड देणारं जंगल. दोन्हीत न बसणारी जमीन ‘पडीक’ ठरली. स्वातंत्र्यानंतर खाती बदलली, नजर तीच राहिली.

कच्छमधलं बन्नी पाहा. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा गवताळ प्रदेश मालधारींचा. त्यांतले बहुसंख्य मुस्लिम पशुपालक. 1955 साली तो कागदोपत्री संरक्षित वन झाला आणि 1961 पासून खारटपणा रोखण्यासाठी तिथे विलायती बाभूळ लावली गेली. ती इतकी माजली की लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ. तिने गवत गिळलं. ज्या मालधारींना मागास म्हटलं गेलं, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या बन्नी म्हशीला 2010 मध्ये स्वतंत्र जात म्हणून शासकीय मान्यता मिळाली. रात्री चरायला सोडायची आणि पहाटे स्वतःहून घरी परतणारी ही म्हैस. ती जात प्रयोगशाळेत तयार झालेली नाही.

आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळरानावर 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि माळढोक म्हणजे आपल्या मानेवरचं ओझं, अशी भावना लोकांत पसरली. माळढोक हा उघड्या गवताळ माळावरचा पक्षी, पण वनीकरणाच्या नावाखाली त्याच माळावर झाडं लावली गेली. याच माळढोकला राष्ट्रीय पक्षी करा, असं सलीम अलींनी सुचवलं होतं. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. मेंढरं घेऊन त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या धनगरांना माळढोक कुठे अंडी घालतो, कुठल्या महिन्यात तिकडे कळप नेऊ नये, हे विचारायला कितीजण गेले असतील?

सांगायचं कुणाला?

विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवायचं म्हणजे काय, याची आपली कल्पना साधारण अशी असते: शास्त्रज्ञाला कळतं, जनतेला कळत नाही, म्हणून शास्त्रज्ञाने सोपं करून सांगायचं. भरतपूर या कल्पनेतला दोष दाखवतं. तिथे जनतेला काही गोष्टी शास्त्रज्ञांच्या आधी कळत होत्या. गवत म्हशी खातात म्हणून पाणी मोकळं राहतं, हे तिथल्या गुराख्याला रोज दिसत होतं. त्याच्याकडे आलेख नव्हता, नियतकालिक नव्हतं आणि इंग्रजी नव्हतं.

दुसरा दोष आणखी गंभीर आहे. ‘म्हशी बाहेर काढा’ हे वाक्य गावापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. ते पोलिसांच्या बंदुकीतून पोहोचलं. ‘आमचं चुकलं’ हे वाक्य मात्र इंग्रजी अहवालात, संशोधकांच्या चर्चेत आणि पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात राहिलं. जगभरातल्या विद्यापीठांत भरतपूरचं उदाहरण शिकवलं जातं. 1982 मध्ये ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांच्या ओसरीवर बसून कुणी हे सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

कायदाही जागचा हलला नाही. राष्ट्रीय उद्यानात चराईबंदी आजही आहे. शास्त्रीय निष्कर्ष कायद्याला बदलू शकला नाही, त्याने फक्त पळवाट काढली. गावकऱ्यांना परवाने घेऊन गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. म्हैस आत जाणार नाही, पण तिचा चारा डोक्यावरून बाहेर येऊ शकतो. पुढे विलायती बाभळीने उद्यान वेढलं, तेव्हा ती मुळासकट उपटायला भोवतालच्या गावांचीच मदत घ्यावी लागली. लाकूड त्यांनी न्यायचं, जागा मोकळी करून द्यायची, असा तो व्यवहार होता. ज्यांना भिंतीबाहेर काढलं त्यांनाच बोलवावं लागलं.

याच भरतपूरमध्ये एक आशेची गोष्टही आहे. तिथले सायकलरिक्षावाले. पर्यटकांना फिरवता फिरवता त्यांनी पक्षी शिकून घेतले, आणि त्यांना प्रशिक्षणही मिळालं. आज शाळाही पुरी न केलेला रिक्षावाला तुम्हाला झाडातलं घुबड दाखवतो, त्याचं इंग्रजी नाव सांगतो, कोणत्या महिन्यात घरटं करतं तेही सांगतो. विज्ञान असंही पोहोचतं. त्यात त्याची कमाई आहे, त्याचा मान आहे आणि पाखरं राहिली तर तो राहणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. हाच विचार 1982 च्या आधी गुराख्यांबाबत झाला असता तर गोळी चालवायची वेळ आली नसती.

सलीम अलींबद्दलचा माझा आदर ही कहाणी वाचून कमी झाला नाही. भरतपूरचं तळं शेतीखाली जाण्यापासून त्यांनी वाचवलं नसतं, तर म्हशींबद्दल वाद घालायला तळंच उरलं नसतं. ज्या अभ्यासाने त्यांचा सल्ला चुकीचा ठरवला, तोही त्यांच्याच संस्थेने, त्यांच्याच हयातीत सुरू केलेला. मोजा, नोंदवा आणि जे दिसेल ते लिहा, ही शिस्त त्यांनीच लावली होती.

म्हणून येत्या 12 नोव्हेंबरला त्यांचा फोटो पुढे पाठवताना खाली पिवळ्या गळ्याच्या चिमणीबरोबर भरतपूरच्या म्हशींबद्दलही दोन ओळी लिहूया. आणि जमलं तर आपल्या गावाबाहेरच्या माळावर मेंढरं चारणाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसूया. त्याला काही शिकवायला नको. या माळावर पूर्वी काय काय दिसायचं, एवढंच विचारूया.